वन्संचा पहारा

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून लिहायला बसले आहे. रोज चार ओळी लिहा म्हणाल्या. झोप झाली का, वेळेवर जेवलात का, उन्हात थोडं चालून आलात का, एखाद्या माणसाशी धड बोललात का. कुणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन तपासायचं नाही.

मी गेले होते पाठदुखीसाठी. पाठ दाबून बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, मी आणि माझी नणंद. आणि मिस्टर? जानेवारीत गेले, झटका आला. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पाठीचा विषय तिथेच राहिला. मग बरंच काही विचारलं. शेवटी आवाज खाली आणून विचारलं, जगणं नको वाटतं का कधी? मी नाही म्हटलं. बाहेर अजून माणसं ताटकळत बसली होती.

झोप: झाली असावी. जेवण: झालं. ऊन: बस स्टॉपवर होतं. बोलणं: कंडक्टरशी, सुट्ट्या पैशांवरून.

गुरुवार, ६ मार्च

एक दात परत आला.

माझं काम दातांना रंग देण्याचं. लॅबमध्ये कवळ्या होतात, टोप्या होतात. मेणबाई मेणाचा दात कोरते, पुढे त्याचा साच्यातून खरा दात होतो आणि शेवटी तो माझ्याकडे येतो. भट्टीत घालण्याआधी त्याला शेजारच्या दातांसारखा करायचा. माणसाचे दात पांढरे नसतात हे लोकांना सांगून पटत नाही. मुळाशी पिवळट असतात, टोकाला जरा निळसर राखाडी. सगळी गंमत त्या मधल्या छटांत असते. इतकी वर्षं हे काम मी रेडिओ ऐकत, मेणबाईशी गप्पा मारत केलंय.

आज नमुन्याचे दात समोर ओळीने मांडले तर सगळे सारखेच दिसायला लागले. एकजात राखाडी. दिवा बदलला, खिडकीशी नेऊन बघितले. तरी तेच. मालकांनी परत आलेला दात माझ्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

रविवार, ९ मार्च

आज मनातलं लिहायचंच आहे तर वन्संबद्दल लिहिते.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. चारचौघांत मी त्याला ‘हे’ म्हणायचे, घरात ‘अरे’. वन्संसमोर अजूनही ‘हे’च म्हणते. त्या लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, कानाला यंत्र लावून. जानेवारीत एक बॅग घेऊन आल्या आणि राहिल्या. कधी जाणार ते विचारायची सोय नाही. पन्नाशीच्या माणसाला शेवटपर्यंत ‘बाळ’ म्हणायच्या, आणि तो गेला तर डोळ्यांतून टिपूस नाही. आल्या, पदर खोचला आणि भांडी घासायला लागल्या. मला तेव्हाच वाटलं, ही बाई दगडाची आहे.

सगळं घर ताब्यात घेतलंय. मी भाजी चिरायला बसले की सुरी काढून घेतात, म्हणे तुझे तुकडे जाड होतात. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या कपाटात, रोज एक काढून देतात आणि मी गिळेपर्यंत समोर उभ्या. मागच्या आठवड्यात सुताराला बोलावून बाथरूमची आतली कडी काढून टाकली. अडकते म्हणे. इतकी वर्षं कधी अडकली नाही. आणि स्वतःची खाट ओढून नेऊन गॅलरीच्या दाराला लावून ठेवली. वारा लागतो म्हणाल्या. चौथ्या मजल्यावर वारा लागायचाच, त्याला दार अडवून कशाला झोपायला हवं? आता कपडे वाळत घालायचे तर आधी वन्संना उठवायचं.

हे घर माझं आहे, असं म्हणायची वेळ येणार एक दिवस.

शनिवार, १५ मार्च

डॉक्टरीणबाईंचा गृहपाठ करून पाहिला. डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायचा, सोडायचा. डोळे मिटले की तो दिसतो, वर्कशॉपमध्ये आडवा, हातात पाना. श्वास राहतो बाजूला.

चालायलाही गेले. तळ्याच्या कडेने रस्ता आहे, झाडं आहेत, माणसं कुत्री फिरवतात. थोडं गेल्यावर मागे बघितलं तर वन्सं. गुडघे दुखतात म्हणून लिफ्ट बंद असली की हाय खातात, आणि माझ्या मागून पाय ओढत येत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, मला काय ऊन नको? मग दोघी एका बाकावर बसलो.

परत आलो तर फोन वाजत होता. कुणीतरी बाई होती. साहेब आहेत का, फ्रिज थंड होत नाही. त्याच्या हातात जादू होती, निम्म्या गावाचे फ्रिज आणि धुलाईयंत्रं त्याच्याच हातची चालतात. मी म्हटलं, ते बाहेर गेलेत. कधी येतील? मी म्हटलं, सांगता येत नाही. फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले. वन्संनी ऐकलं होतं. त्यांनी चहा टाकला.

शनिवार, २२ मार्च

मधले दिवस लिहिले नाहीत. लिहिण्यासारखं काही नाही.

आज उठवलंच नाही. उठवलं नाही म्हणजे वन्संनी हाका मारल्या, मीच मला उठवू शकले नाही. पांघरूण बाजूला करायचं, पाय खाली सोडायचे, उभं राहायचं, दात घासायचे, तोंड पुसायचं, कपडे शोधायचे, ते चढवायचे. एकेक काम असं समोर उभं राहतं, डोंगराएवढं. लोक हे रोज करतात आणि वर नोकऱ्या करतात, लग्नाला जातात, हसतात, याचं मला नवल वाटायला लागलंय. मीही करायचे हे आठवतं, कसं करायचे ते आठवत नाही.

रडू येत असतं तर सोपं झालं असतं. रडू येत नाही. आत काहीतरी विझून गेलंय आणि त्याची राख तेवढी सांभाळत बसायची आहे. पाठ दुखते. केसांना तेल नाही की कंगवा नाही. वन्संनी वरणभातासारखं मऊ काहीतरी करून आणलं, चमचा हातात दिला. मी म्हटलं, नको. त्या म्हणाल्या, चार घास. मी म्हटलं, नको म्हटलं ना. त्या तिथेच बसून राहिल्या, ताटली मांडीवर घेऊन, ती गार होईपर्यंत. किती चिवट असावं माणसाने.

एक विचार सारखा येतो. मी नसते तर हे घर रिकामं झालं असतं आणि सगळे आपापल्या मार्गाला लागले असते. वाईट वाटून घेऊन म्हणत नाही. सरळ हिशोब आहे.

शुक्रवार, २८ मार्च

आज फार दिवसांनी डोकं शांत आहे.

सकाळी आपणहून उठले. कपाट उघडलं आणि सगळं आवरून टाकलं. त्याचे शर्ट, माझे चांगले कपडे, दोन्ही लोकरीचे कोट, जिना झाडायला येते तिला देऊन टाकले. ती घेईना, म्हणाली बाई, तुम्हाला थंडीत लागतील की. मी म्हटलं, घे गं. लॅबमध्ये मागचं सगळं काम संपवलं, मालकांना कुठलं काय कुठे ठेवलंय ते दाखवून ठेवलं. जाताना माझ्या कोरण्या आणि ब्रश, तो कातडी पाकिटातला अख्खा संच, मेणबाईला दिला. तिचे डोळे मोठे झाले. तिचा त्यावर पहिल्यापासून डोळा. असा संच आता मिळत नाही. अगं, आणि तू कशाने काम करणार, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बघू. तिला मिठी मारली. आम्ही कधी मिठीबिठी मारत नाही, ती कानकोंडी झाली.

येताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. हलकं वाटलं, उपास सुटल्यासारखं. रोज एखादं छोटं काम हातावेगळं करा असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ते लागू पडलेलं दिसतंय. जेवतानाही मी वन्संशी दोन शब्द गोड बोलले. तुम्ही फार केलंत माझ्यासाठी, म्हटलं. मला वाटलं खूश होतील. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला आणि माझ्याकडे अशा बघत बसल्या की जणू मी काही शिवीच दिली असावी. या बाईला चांगलं बोललेलंही सोसत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

आज वन्संनी माझी अब्रू घालवली.

दुपारी लॅबचं दार उघडलं आणि या आत. धापा टाकत, कारण लॅबला लिफ्ट नाही. भट्टी चालू, सगळे मान खाली घालून कामात. सरळ मेणबाईच्या टेबलापाशी गेल्या आणि म्हणाल्या, माझ्या भावजयीने तुला जे दिलंय ते परत दे. मेणबाई गोरीमोरी. ती म्हणाली, त्यांनी स्वतःहून दिलं हो, मी मागितलं नव्हतं. वन्सं म्हणाल्या, माहीत आहे मला, तुझा काही दोष नाही, पण परत दे. हात पुढे करून उभ्याच. मालक केबिनमधून बाहेर आले. मेणबाईने पाकीट दिलं, ती रडायला लागली. वन्संनी ते आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या.

त्यांना कळलं कसं? मेणबाईनेच काल संध्याकाळी घरी फोन केला होता म्हणे, माझी चौकशी करायला. म्हणजे सगळ्यांचं माझ्यामागे काहीतरी चाललंय. दिलेली वस्तू परत मागायची, तीही भरल्या लॅबमध्ये. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. उद्या त्यांना जायला सांगणार आहे. ठरलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

कामावर गेले नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती.

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर वन्सं टेबलाशी बसलेल्या. चहा नाही, गॅस बंद. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली की हे घर माझं आहे आणि मला आता एकटीला राहायचंय. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मी बोलायची थांबले तेव्हा म्हणाल्या, बस.

मी बसले.

“तू जायचं ठरवलंयस का?”

मी म्हटलं, मी कुठे जाणार, घर माझं आहे.

“बाळ गेला तिथे.”

मला हसू आलं. खरंच आलं. काहीतरीच काय वन्सं, असं म्हणणार होते. तोंड उघडलं आणि दुसरंच आलं. मी म्हटलं, “ठरवलं असं नाही. पण नको झालंय.” माझाच आवाज मला बाजूच्या घरातून आल्यासारखा वाटला.

वन्सं ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. टेबलावरचा कालचा ओघळ पुसत राहिल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या. “नको झालंय तर नको झालंय. जगण्यात काय गोडी आहे ते मी तुला सांगणार नाही, मलाच सध्या माहीत नाही. पण एका वर्षात दोघांना पोचवायला माझ्यात ताकद नाही गं. तेवढं माझ्याच्याने होणार नाही.”

मग उठल्या, चहा केला. माझ्या कपात साखर जास्त झाली होती. प्यायले.

बाथरूमची कडी अडकत नव्हती, एवढं आज कळलं. बाकीचं विचारायचा धीर झाला नाही.

सोमवार, ७ एप्रिल

दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मागच्या वेळी खोटं सांगितलं, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, आज खरं सांगितलंत, बरं केलंत. रागावल्या नाहीत. लगेच फोन करून मोठ्या इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आजच्या आजच.

ते म्हातारे आहेत, कानात यंत्र. सगळं मोठ्याने बोलावं लागलं. जे स्वतःशी पुटपुटायची हिंमत नव्हती ते ओरडून सांगायचं. विचार येतात का? येतात. कसे येतात? सांगितलं. कपडे दिले, कोरण्या दिल्या, तेही सांगितलं, आणि सांगताना मलाच ते दुसऱ्या कुणाचं तरी ऐकल्यासारखं वाटलं. त्या शुक्रवारी मला बरं वाटत होतं, असं म्हटलं. ते म्हणाले, त्याच दिवसाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

गोळ्या दिल्या. गुण यायला वेळ लागेल, मधेच सोडायच्या नाहीत. आणि यांना घरात एकटं ठेवू नका, असं वन्संना सांगितलं. वन्सं म्हणाल्या, “नाहीच ठेवत आहे, जानेवारीपासून.”

मी विचारलं, मग ते ऊन, ते चालणं, श्वास, हे सगळं थोतांड का? ते म्हणाले, नाही, ते दात घासण्यासारखं आहे. किडका दात त्याने बरा होत नाही, पण म्हणून घासायचं सोडू नका. मी दातवाली म्हणून असं म्हणाले की सगळ्यांनाच म्हणतात, कळलं नाही.

रविवार, २० एप्रिल

गुण काही नाही. तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात. झोप लागते ती विहिरीत पडल्यासारखी, आणि जाग येते तेव्हा सगळं जिथल्या तिथे. तो नाहीच.

मला वाटलं होतं, एकदा खरं बोलून टाकलं की काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. घरात आता दोघींना माहीत आहे, एवढंच. मेणबाई भेटायला आली, दारातच रडली, मी तिची समजूत काढली, दमले. मालकांनी निरोप दिला की सावकाश या. लॅबची आठवण येत नाही. कशाचीच येत नाही.

वन्सं रोज तळ्याकडे नेतात. मी जाते, कारण नाही म्हणायलाही जोर लागतो. आज केस धुतले. त्यांनी मागे लागून लागून धुवायला लावले. एवढंच.

सोमवार, ५ मे

फ्रिज बंद पडला. आमचा.

सकाळी वन्सं दूध काढायला गेल्या, पाणी सगळं खाली आलेलं. मी हॉलमध्ये होते. त्यांचा आवाज आला, नेहमीचा, जरा कावलेला: “अगं, बाळला सांग, फ्रिज बघायला हवाय.”

मग आवाज थांबला.

मी आत गेले तर त्या फरशीवर बसलेल्या, फ्रिजचं दार उघडं, पाण्यात पाय. रडत नव्हत्या आधी. मग सुरू झालं. मी असं रडणं ऐकलं नव्हतं. लहान मुलं रडतात तसं, श्वास सापडत नाही असं. एवढे महिने ती बाई माझ्या दारात बसून होती. तिचा भाऊ गेला होता. मी हे एकदाही मनात आणलं नव्हतं. माझा नवरा गेला, एवढंच मला माहीत होतं.

मी खाली बसले, पाण्यातच. पाठीवर हात ठेवला. तो त्यांच्या अंगावर परका वाटत होता, तरी ठेवून राहिले. त्या म्हणत होत्या, मी त्याला चालायला शिकवलं गं. पुन्हा पुन्हा तेवढंच.

नंतर मी फरशी पुसली. वन्सं खुर्चीवर बसून बघत होत्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, कोपऱ्यात राहिलंय.

रविवार, १८ मे

गेले काही दिवस जरा बरे गेले. म्हणजे वाईट नव्हते. एकदा लॅबमध्येही जाऊन आले, अर्धा दिवस. मेणबाईने शेजारी स्टूल ओढून दिलं.

आज वन्संच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी भेटणार होत्या. वर्षातून एकदा भेटतात, बाहेरगावी, दिवसभर. आठवडाभर वन्सं त्यांच्याबद्दल बोलत होत्या, कुणाचं ऐकू येणं गेलंय, कुणाला नातू झालाय. डॉक्टरांनाही विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले होते, जमेल, पण त्या दिवशी सकाळी तिला सरळ विचारा.

सकाळी वन्सं तयार होऊन आल्या. ठेवणीतले कपडे, केस नीट बांधलेले, खांद्याला पर्स, पायांत त्या कधी घालत नाहीत त्या सँडल. पावडरसुद्धा लावली होती. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, “जाऊ ना मी?”

किती महिने मी या क्षणाची वाट बघत होते. घर मोकळं, कुणी मागे नाही. आणि आज पहाटेपासून ते पुन्हा आलं होतं, ते जुनं, शांत, सगळं आवरून टाकावंसं वाटणारं. जा म्हणायला काय लागतं? एक अक्षर. त्या बिचाऱ्या गेल्या असत्या, हसतही गेल्या असत्या.

मी त्यांच्या सँडलकडे बघत म्हटलं, “आज नका जाऊ.”

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. पर्स खुंटीला लावली. फोन करून मैत्रिणीला सांगितलं की पोट बिघडलंय, येणं जमत नाही, नाही नाही, काळजीचं काही नाही. मग माझ्या गोळ्या झाल्या का ते विचारलं आणि डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला. मी त्यांना खरं ते सांगितलं, ओरडून. उद्या सकाळी बोलावलंय.

त्यानंतर दोघी टेबलाशी बसलो. वन्सं ठेवणीतल्या कपड्यांतच. मी म्हटलं, माझ्यामुळे तुमचं राहिलं. त्या म्हणाल्या, त्या बायका काय, पुढल्या वर्षी पुन्हा तेच सांगतील. आणि मटारची पिशवी टेबलावर उपडी केली, अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सारल्या.

सोलत बसलो. बोटं हिरवी झाली. आतलं ते काही गेलं नाही, बसूनच होतं माझ्या शेजारी तिसरं माणूस असल्यासारखं. पण शेंग संपली की दुसरी घ्यायची, एवढं जमत होतं. ढीग बघून मी म्हटलं, एवढे मटार दोघींना आठवडाभर पुरतील.

वन्सं सोलायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं, काय झालं? काही नाही, म्हणाल्या, आणि पुन्हा सोलायला लागल्या.